टाकी, हीटर आणि मायक्रोकंट्रोलर: यंत्र आणि संगणकाचे एकत्र मॉडेल पहिल्यांदा बनवताना

टाकीतले पाणी क्षणोक्षणी तापत किंवा निवत असते. त्यावर नजर ठेवणारा मायक्रोकंट्रोलर (यंत्रात बसवलेला छोटा संगणक) मात्र ठरावीक अंतराने तापमान वाचतो, हिशेब करतो, रिलेला (हीटर चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचला) आदेश देतो आणि पुढच्या फेरीपर्यंत गप्प राहतो. या दोघांचे वागणे एकाच मॉडेलमध्ये कसे बसवायचे, हा या लेखाचा विषय.

पाण्याची बाजू विकलक समीकरणांत, म्हणजे बदलाचा वेग सांगणाऱ्या समीकरणांत मांडतात, संगणकाची बाजू अवस्था आणि संक्रमणांत. अभ्यासक्रमात हे दोन विषय बहुधा वेगवेगळ्या वर्गांत शिकवले जातात आणि दोन्ही सुटे सुटे सोपेही वाटतात. घोळ होतो तो सांध्यात. म्हणून सांध्याला या लेखात जास्त जागा दिली आहे.

नाव नवे आहे, काम जुने. यंत्र आणि संगणकाच्या अशा जोडीसाठी 'सायबर-फिजिकल सिस्टिम' ही संज्ञा २००६ च्या सुमारास अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमधल्या हेलन गिल यांनी रूढ केली. पण वाफेच्या इंजिनाचा वेग आवरणारे गव्हर्नर कधी कधी स्थिर न राहता का हेलकावतात, हा प्रश्न जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्येच समीकरणांत मांडला होता. त्या गव्हर्नरच्या जागी आता प्रोग्रॅम आला आहे आणि प्रोग्रॅमची स्वतःची काही दुखणी आहेत.

पूर्ण लेखभर एकच उदाहरण वापरू: १० लिटर पाण्याची टाकी, १,००० वॉटचा हीटर, एक तापमान सेन्सर, एक पातळीचा स्विच आणि एक मायक्रोकंट्रोलर. पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचे आहे. कागद-पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर पुरे. सॉफ्टवेअरकडे नंतर वळू.

पायरी १: मॉडेलला काय विचारायचे ते लिहून काढा

'टाकीचे मॉडेल करायचे आहे' एवढ्यावर काम सुरू केले की ते कधीच संपत नाही. पाण्यातले प्रवाह, टाकीच्या पत्र्याची जाडी, झाकणातून निसटणारी वाफ, सगळेच आत घ्यावेसे वाटते. त्याऐवजी दोन-तीन प्रश्न लिहा. पाणी तापायला किती वेळ लागेल? तापमान किती खालीवर होईल? रिले दिवसातून किती वेळा टकटक करेल? टाकी रिकामी असताना हीटर चालू राहू शकतो का?

पहिल्या तीन प्रश्नांना उष्णतेचे एक समीकरण पुरते. चौथ्याला ते लागतच नाही. तिथे प्रोग्रॅमचे तर्कशास्त्र तपासायचे आहे. एकाच यंत्राची दोन वेगळी मॉडेल्स करण्यात काहीही वावगे नाही. उलट सगळ्या प्रश्नांना पुरून उरणारे एकच भव्य मॉडेल करायच्या भानगडीत नवख्याने पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी २: गृहीतके आणि एकके

आपली गृहीतके अशी: टाकीतल्या सगळ्या पाण्याचे तापमान एकसारखे आहे. बाहेरची हवा २५ अंशांवर स्थिर आहे. टाकी भरलेली आहे आणि पाणी उकळत नाही. बाहेर जाणारी उष्णता तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात आहे.

हे चार ओळींचे टिपण मॉडेलच्या फाइलमध्येच ठेवा, वेगळ्या कागदावर नको. कारण मॉडेल आणि प्रोग्रॅम पुढे दुसऱ्याच यंत्राला जोडले जातात आणि गृहीतके मागे राहतात. ४ जून १९९६ रोजी आरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, निघाल्यानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झाले ते यातूनच. दिशादर्शनाचे सॉफ्टवेअर आरियान ४ वरून जसेच्या तसे आणले होते. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. त्याच्याशी निगडित ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही. जुन्या रॉकेटवर हाच कोड बिनचूक चालत होता.

एककांबाबत एकच सांगणे: प्रत्येक राशीपुढे एकक लिहा आणि समीकरणाच्या दोन्ही बाजूंची एकके जुळतात का ते बघा. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ गमावले गेले, कारण जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत देत होते आणि ते वाचणारे दुसरे सॉफ्टवेअर ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे समजत होते.

पायरी ३: पाण्याचे समीकरण

भौतिक यंत्राचे समीकरण बहुतेक वेळा जमाखर्चातून निघते. आत आलेली उष्णता वजा बाहेर गेलेली उष्णता, जे उरेल त्याने तापमान बदलते:

तापमान बदलण्याचा वेग = (हीटरची शक्ती − गळती) ÷ उष्णताधारकता

आता आकडे घालू. १ किलो पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात, म्हणून १० लिटरची उष्णताधारकता ४१,८६० ज्यूल प्रति अंश. गळतीसाठी तूर्त दर अंशाच्या फरकाला ५ वॉट धरू. पाणी ६० अंशांवर असताना फरक ३५ अंशांचा, म्हणून गळती १७५ वॉट. हीटर चालू असेल तर ८२५ वॉट शिल्लक राहतात आणि पाणी सेकंदाला ०.०१९७ अंशाने तापते, म्हणजे मिनिटाला साधारण १.२ अंश. हीटर बंद असेल तर सेकंदाला ०.००४२ अंशाने निवते, म्हणजे मिनिटाला पाव अंश. तापण्याचा वेग निवण्याच्या वेगाच्या जवळजवळ पाचपट आहे. हा असमतोल पुढे कामाला येईल.

उष्णताधारकतेला गळतीच्या गुणांकाने भागले की ८,३७२ सेकंद मिळतात, म्हणजे सुमारे २ तास २० मिनिटे. हा या टाकीचा कालस्थिरांक. टाकी 'किती सुस्त आहे' ते या एका आकड्यावरून कळते. नवे यंत्र हातात आले की हाच आकडा सर्वांत आधी काढावा. सेन्सर किती चपळ हवा आणि प्रोग्रॅमची फेरी किती लांब चालेल हे पुढे त्याच्याच आधाराने ठरते.

समीकरण सोडवले की २५ पासून ६० अंशांपर्यंत तापायला सुमारे १,६१० सेकंद लागतात, म्हणजे २७ मिनिटे. विश्वास ठेवण्याआधी एक ढोबळ पडताळा घ्या. गळती अजिबात नसती तर ४१,८६० × ३५ ÷ १,००० = १,४६५ सेकंद, म्हणजे साडेचोवीस मिनिटे लागली असती. गळतीमुळे त्याहून थोडा जास्त वेळ लागणार. २७ पटण्यासारखे आहे. उत्तर २० आले असते तर कुठेतरी चिन्ह उलटे पडले असे समजायचे.

मॉडेलची हद्दही इथेच दिसते. हीटर कायम चालू ठेवला तर समीकरण सांगते की पाणी २२५ अंशांवर जाऊन स्थिरावेल. उघड्या टाकीतले पाणी तिथवर जाणार नाही, १०० च्या आसपास उकळू लागेल. समीकरणाला उकळणे ठाऊक नाही. 'पाणी उकळत नाही' असे दुसऱ्या पायरीवर लिहून ठेवले ते यासाठी.

पायरी ४: अंदाजाच्या आकड्याजागी मोजलेला आकडा

गळतीचे ५ वॉट आपण मनाने धरले होते. ते मोजायला खास उपकरण लागत नाही. पाणी ६० अंशांपर्यंत तापवा, हीटर बंद करा, ढवळून दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा. मॉडेलप्रमाणे तासाभराने ४७.८ अंश दिसायला हवेत.

समजा थर्मामीटरने ४५ दाखवले. सुरुवातीचा फरक ३५ अंश होता, आता २० आहे. दोघांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.५६, ३,६०० सेकंदांना त्याने भागले की कालस्थिरांक सुमारे ६,४३० सेकंद येतो. त्यावरून गळती दर अंशाला ५ नसून ६.५ वॉट निघते. अर्थात दोनच नोंदींवर निकाल देऊ नका. सगळ्या नोंदींतल्या फरकांचा लॉगॅरिदम घेऊन वेळेसमोर आलेख काढा. सरळ रेषा आली तर 'गळती फरकाच्या प्रमाणात' हे गृहीतक टिकले. सुरुवातीला रेषा जास्त उतरती असेल तर गरम पाण्याच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होत असावे. झाकण ठेवून पुन्हा मोजा.

ज्या नोंदींवरून गुणांक काढला त्याच नोंदींशी मॉडेल जुळते म्हणून खूश होऊ नये, ते जुळणारच. पडताळणीला दुसरा प्रयोग हवा, उदाहरणार्थ ४० अंशांपासून हीटर लावून तापण्याचा आलेख. पुढचे हिशेब सोपे राहावेत म्हणून मी ५ वॉटच धरून चालतो.

पायरी ५: कंट्रोलर म्हणजे अवस्था आणि संक्रमणे

'६० च्या खाली चालू, वर बंद' असा नियम केला तर ६० च्या उंबरठ्यावर रिले सतत फडफडेल. सेन्सरच्या वाचनातला किंचितसा चढउतारही त्याला पुरेल. म्हणून दोन मर्यादा ठेवतात: ५८ ला चालू, ६२ ला बंद. मधल्या पट्ट्यात आधी जे चालले होते तेच चालू ठेवायचे. या 'आधी जे चालले होते'मुळेच अवस्थेची गरज पडते. ६० अंश एवढेच सांगितले तर हीटर चालू की बंद हे ठरत नाही.

कागदावर तीन वर्तुळे काढा: बंद, तापवणे, बिघाड. बाणांवर अटी लिहा. बंदमधून तापवणेमध्ये: तापमान ५८ किंवा कमी आणि टाकीत पाणी आहे. तापवणेमधून बंदमध्ये: तापमान ६२ किंवा जास्त. कुठूनही बिघाडमध्ये: सेन्सरचे वाचन अशक्य कोटीतले, किंवा पातळी उतरली. बाण काढून झाले की नवशिके दोन गोष्टी हमखास विसरतात. वीज आली तेव्हा कोणत्या अवस्थेतून सुरुवात होणार? आणि बिघाडमधून बाहेर कसे पडायचे? पहिल्याचे उत्तर 'बंद' ठेवा. दुसऱ्यासाठी माणसाने बटण दाबावे. आपोआप परत येणारा बिघाड कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता रिलेचा हिशेब. ५८ ते ६२ तापायला सुमारे २०३ सेकंद लागतात, निवायला ९५८. एक चक्र १,१६१ सेकंदांचे, म्हणजे १९ मिनिटांच्या थोडे वर. त्यातला साडेसतरा टक्के वेळ हीटर चालू राहतो. पडताळा बघा: ६० अंशांवरची गळती १७५ वॉट, हीटर १,००० वॉटचा, गुणोत्तर तेच साडेसतरा टक्के. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की पुढे जायला हरकत नाही.

दिवसात अशी साधारण ७५ चक्रे होतात. रिलेच्या डेटाशीटवर एक लाख वेळा चालू-बंद असे आयुष्य दिले असेल तर तो साडेतीन वर्षांहून जास्त चालेल. आता कुणी म्हणाले की चार अंशांचा पट्टा फार झाला, एकच ठेवा. चक्र चौपट वेगाने होईल, दिवसाला तीनशेच्या घरात, आणि तोच रिले वर्षाच्या आत संपेल. असा सौदा मॉडेलशिवायही कळतो, पण रिले जळून गेल्यावर.

पायरी ६: सांधा जोडणे

पाण्याच्या समीकरणात 'हीटरची शक्ती' कंट्रोलरच्या अवस्थेवरून येते. कंट्रोलरच्या अटींत 'तापमान' पाण्याकडून येते. तापवणे या अवस्थेत पाणी एका समीकरणाने चालते, बंद अवस्थेत दुसऱ्या. अशा मॉडेलला हायब्रिड ऑटोमॅटन म्हणतात. राजीव अलुर, थॉमस हेन्झिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही मांडणी रूढ केली. वर्तुळाच्या आत समीकरण, बाणावर अट, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

पण कंट्रोलरला पाण्याचे तापमान थेट दिसत नाही. त्याला सेन्सर दिसतो आणि सेन्सर धातूच्या नळीत बसवलेला असल्याने उशिरा तापतो. सेन्सरचा कालस्थिरांक ३० सेकंद धरू. पाणी एकसारख्या वेगाने तापत असेल तर सेन्सर वेग गुणिले ३० इतका मागे राहतो. तापताना ०.०१९७ × ३० = सुमारे ०.६ अंश, निवताना ०.००४२ × ३० = ०.१३ अंश. म्हणजे सेन्सर ६२ दाखवेल तेव्हा पाणी ६२.६ वर पोहोचलेले असेल, आणि तो ५८ दाखवेल तेव्हा पाणी ५७.९ वर. पट्टा रुंद झाला आणि वरच्या बाजूला जास्त सरकला. चक्रही १९ ऐवजी २३ मिनिटांच्या आसपास जाते.

प्रत्यक्ष नोंदींत तापमान वरच्या बाजूला जास्त निसटताना दिसले की बरेच जण थेट प्रोग्रॅममधल्या मर्यादा बदलत सुटतात. आधी सेन्सरचे कवच बघा.

हायब्रिड मॉडेलचा एक चमत्कारिक गुण इथेच सांगतो, कारण सॉफ्टवेअर अडकल्यावर कारण सुचत नाही. १ मीटरवरून सोडलेला चेंडू प्रत्येक टप्प्यानंतर ८० टक्के वेगाने उसळतो असे मॉडेल करा. टप्प्यांमधले अंतर घटत जाते आणि गणिताप्रमाणे अवघ्या ४.०६ सेकंदांत अनंत टप्पे होतात. सिम्युलेशन त्या क्षणाजवळ रेंगाळत राहते, किंवा एखादा टप्पा हुकून चेंडू जमिनीच्या आरपार जातो. याला झेनो वर्तन म्हणतात. खरा चेंडू असा वागत नाही, दोष मॉडेलचा. उपाय साधा आहे: उसळीचा वेग अमुक मर्यादेखाली गेला की 'स्थिर' या नव्या अवस्थेत जायचे.

पायरी ७: संगणकाचा वेळ

आपला कंट्रोलर दर सेकंदाला एकदा तापमान वाचतो. एका सेकंदात पाणी ०.०२ अंशच तापते, त्यामुळे काही बिघडत नाही. दहा सेकंदांनी वाचले तरी ०.२ अंशाचा फरक पडेल. टाकी सुस्त असल्यामुळे हे चालून जाते. म्हणून या पायरीपुरती टाकी बाजूला ठेवू आणि चपळ यंत्र घेऊ.

मोटरवर चालणारी एक सरकगाडी लक्ष्यापासून १०० मिलिमीटरवर आहे. नियम असा: जितके अंतर उरले त्याला १२ ने गुणून तेवढ्या वेगाने लक्ष्याकडे जायचे. सतत अंतर मोजणारा आदर्श कंट्रोलर असेल तर गाडी कधीच हेलकावणार नाही, गुणक १२ असो वा १,२००. आता हाच नियम ०.१ सेकंदाला एकदा वाचणाऱ्या संगणकावर चालवा. एका फेरीत गाडी अंतराच्या १२ × ०.१ = १.२ पट सरकते. अंतर असे बदलेल: १००, −२०, ४, −०.८. लक्ष्य ओलांडून ती मागेपुढे होते, पण शांत होते. गुणक आणि फेरीचा काळ यांचा गुणाकार २ च्या पुढे गेला की ती शांत होत नाही, प्रत्येक फेरीला आणखी लांब जाते.

यात आता एका फेरीचा उशीर घाला. वाचन या फेरीतले, पण त्यावरचा आदेश पुढच्या फेरीत लागू होतो. हिशेब जड असेल किंवा संदेश नेटवर्कवरून जात असेल तर असे सहज घडते. आकडे तेच ठेवून स्वतः कागदावर चालवून बघा: १००, −२०, −१४०, −११६, ५२, १९१, १२९, −१०१, −२५५. आधी शांत होणारी गाडी आता उधळली. या उशिरासह स्थिरतेची मर्यादा २ वरून १ वर आली आहे.

सूत्र बदलले नाही, मोटर बदलली नाही. उधळण्याचे कारण फक्त वेळापत्रकात आहे. म्हणून कंट्रोलरच्या मॉडेलमध्ये 'काय करतो' याच्या जोडीला 'किती वेळाने करतो' हेही लिहावे लागते: फेरीचा काळ, वाचनापासून आदेशापर्यंतचा उशीर, आणि तो उशीर दर फेरीला सारखाच असतो की कमीजास्त होतो. सरासरीवर भागवू नका, सर्वांत वाईट उशीर धरा.

घड्याळाच्या अचूकतेचाही प्रश्न आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या दाहरान येथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा येणारे क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक मारले गेले. यंत्रणा वेळ ०.१ सेकंदाच्या ठोक्यांत मोजत होती. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. २४ बिटांत ती कापली गेली की दर ठोक्याला सेकंदाच्या साधारण एक कोटीव्या हिश्शाची चूक राहते. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती. तेवढ्यात ३६ लाख ठोके झाले आणि चूक ०.३४ सेकंदापर्यंत साचली. तुमच्या प्रोग्रॅममध्ये वेळ ठोके मोजून ठेवत असाल तर ठोक्यांची पूर्णांक संख्या साठवा आणि गरज पडेल तेव्हाच सेकंदांत बदला.

पायरी ८: आता सिम्युलेशन

इतक्या उशिरा सॉफ्टवेअर आणले आहे ते मुद्दाम. काय उत्तर अपेक्षित आहे हे ठाऊक असल्याशिवाय पडद्यावरचा आलेख बरोबर की चूक ते सांगता येत नाही.

साधन कोणते? प्रोग्रॅमिंग येत असेल तर पायथन आणि त्यातली सायपाय ही गणिती लायब्ररी पुरे. त्यातले समीकरण सोडवणारे फंक्शन '६२ कधी ओलांडले' असा क्षण पकडूनही देते. ठोकळे जोडून काम करायला आवडत असेल तर सिम्युलिंक, पण त्याला परवाना लागतो. समीकरणे जशीच्या तशी लिहायची असतील तर मॉडेलिका ही भाषा आणि तिच्यासाठीचे ओपनमॉडेलिका हे मुक्त साधन. पहिल्या मॉडेलला यातले कुठलेही चालेल.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, पावलाची लांबी, म्हणजे सिम्युलेशन एका वेळी किती सेकंद पुढे सरकते. टाकीचा कालस्थिरांक २ तास २० मिनिटांचा असल्याने मिनिटाहून मोठे पाऊल घ्यावेसे वाटेल. पण सेन्सरचा कालस्थिरांक ३० सेकंदांचा आहे. साध्या ऑइलर पद्धतीत (पावलाच्या सुरुवातीचा वेग पूर्ण पावलभर धरणाऱ्या) पाऊल ६० सेकंदांच्या पुढे गेले की सेन्सरचे आकडे उधळतात. पाऊल सर्वांत चपळ भाग ठरवतो. खात्रीचा उपाय म्हणजे पाऊल निम्मे करून पुन्हा चालवणे. आलेख हलला तर आधीचे पाऊल मोठे होते.

दुसरी, सिम्युलेशनचे पाऊल आणि कंट्रोलरची फेरी वेगळ्या ठेवा. दोन्ही एकच धरले की मॉडेलमधला कंट्रोलर खऱ्यापेक्षा चपळ किंवा मंद होतो आणि सातव्या पायरीवरचे सगळे प्रश्न नजरेआड जातात.

पायरी ९: जे सिम्युलेशनमध्ये दिसत नाही

सिम्युलेशन एका वेळी एकच वाट चालते. 'टाकी रिकामी असताना हीटर कधीच चालू नसावा' या वाक्यातले 'कधीच' शंभर वेळा चालवूनही सिद्ध होत नाही. आपल्या टाकीच्या अवस्था हाताने मोजता येतील. पण प्रोग्रॅममध्ये 'हो' किंवा 'नाही' अशा दोनच किमती घेणारी ३० चले असली की त्यांच्या जुळण्या १०७ कोटींवर जातात. हे काम मॉडेल चेकरचे. तो सगळ्या शक्य वाटा पद्धतशीर धुंडाळतो आणि नियम मोडणारी वाट सापडली तर ती पायरीवार छापून देतो. या पद्धतीच्या पायाभरणीसाठी एडमंड क्लार्क, ॲलन इमर्सन आणि जोसेफ सिफाकिस यांना २००७ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

आपला नियम तपासायला दिला तर तो मोडेल. कंट्रोलर फेरीच्या सुरुवातीला पातळी वाचतो, ठीक. लगेच पाणी संपते. पुढच्या वाचनाला जवळजवळ एक सेकंद आहे आणि तोवर हीटर चालूच. म्हणजे 'कधीच' ही अटच कुठल्याही प्रोग्रॅमला पाळता येण्यासारखी नव्हती. ती 'पातळी उतरल्यापासून २ सेकंदांच्या आत हीटर बंद' अशी लिहायला हवी. चेकरमुळे कोडमधली चूक सापडते त्याहून जास्त वेळा अटीतला ढिसाळपणा सापडतो, आणि मला तरी हाच त्याचा मोठा उपयोग वाटतो.

अशा वेळेच्या अटींसाठी अलुर आणि डेव्हिड डिल यांची टाइम्ड ऑटोमॅटन ही मांडणी आहे आणि ती तपासायला उप्पाल हे साधन, स्वीडनमधले उप्साला आणि डेन्मार्कमधले ऑलबोर्ग या दोन विद्यापीठांनी बनवलेले. सुरुवात तीन वर्तुळांच्या मॉडेलने करा; पाण्याचे समीकरण तिथे नेऊ नका. 'तापमान केव्हाही ५८ किंवा ६२ ओलांडू शकते' एवढेच सांगा.

पायरी १०: मुद्दाम मोडून बघा

मॉडेल नीट चालू लागले की त्यात एकेक बिघाड घाला. सेन्सरची तार तुटली तर वाचन शून्याकडे जाते की टोकाच्या कमाल आकड्याकडे? शून्याकडे जात असेल तर साधा प्रोग्रॅम 'पाणी गार आहे' असे समजून हीटर लावून बसेल. वाचन एकाच आकड्यावर गोठले तर? पातळीचा स्विच गंजून 'पाणी आहे' असेच सांगत राहिला तर?

सर्वांत वाईट बिघाड म्हणजे रिलेचे संपर्क चिकटणे. प्रोग्रॅम 'बंद' म्हणतो आणि हीटर चालूच राहतो. इथे कुठलाही कोड कामाचा नाही. हीटरच्या वाटेत स्वतंत्र थर्मल कटआउट, म्हणजे फार तापले की स्वतःच वीज तोडणारा स्विच हवा. तो किती चपळ हवा हे मॉडेलला विचारा. टाकी भरलेली असताना ६२ पासून १०० अंशांपर्यंत जायला सुमारे ३७ मिनिटे लागतात. भरपूर वेळ आहे असे वाटते. पण पाणी २ लिटरच उरले असेल तर उष्णताधारकता पाचव्या हिश्शावर येते आणि तेच अंतर साडेसात मिनिटांच्या आत कापले जाते.

तरीही हा आकडा कटआउट निवडायला वापरू नका. त्यात गळतीची मदत धरली आहे आणि टाकीला कुणी जाड आवरण गुंडाळले तर ती मदत जवळपास नाहीशी होईल. या प्रश्नासाठी गळती शून्य धरा. २ लिटरची उष्णताधारकता ८,३७२ ज्यूल प्रति अंश (टाकीच्या कालस्थिरांकाचा आकडा हाच होता, तो योगायोग), म्हणून ८,३७२ × ३८ ÷ १,००० = ३१८ सेकंद. कटआउटच्या डेटाशीटवरचा प्रतिसादाचा वेळ या सव्वापाच मिनिटांशी ताडून बघा, आणि पातळीचा स्विच २ लिटरच्याही खाली बसवला असेल तर त्या पातळीसाठी हाच हिशेब पुन्हा करा.